भिलाईत लटकलेलं माझं नाव

भिलाईला कोणी फिरायला जात नाही, हे मी तिथून परत आल्यावर मला अनेकांनी सांगितलं. मीही फिरायला गेलो नव्हतो. मार्गदर्शन करायला गेलो होतो. पुण्याच्या माणसाला मार्गदर्शनासाठी बोलावलं की तो गाव किती लांब आहे हे विचारत नाही, माईक आहे का तेवढं विचारतो. मी तर तेही विचारलं नाही.

निरोप व्हॉट्सॲपवर आला होता. पाठवणारे कोणी टेंभरे, भिलाई मराठी इंटरनेट मंडळाचे सचिव. 'रविवारी सकाळी सभा आहे. विषय : सुरुवातीच्या इंटरनेटचे भवितव्य. आपली उपस्थिती अनिवार्य आहे.' शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असं कोर्टातून येतं." पण ती पहिल्यापासूनच माझ्या कार्याबद्दल उदासीन आहे.

माझं कार्य असं की, इंटरनेट आपल्याकडे नवं होतं तेव्हा मी एका मासिकात मराठी संकेतस्थळांवर सदर लिहायचो. मासिक बंद पडलं, त्यातली बहुतेक संकेतस्थळंही बंद पडली, मी मात्र चालू राहिलो. 'मराठी इंटरनेटचे इतिहासकार' ही पदवी मला कोणी दिलेली नाही. मी ती कार्डावर छापून घेतली आहे. तेव्हा भिलाईकरांनी मला शोधून काढलं यात मला काहीच नवल वाटलं नाही. उशीर केला, एवढंच वाटलं.

शनिवार, पावर हाउस

पावर हाउस हे भिलाईतल्या एका स्टेशनाचं आणि त्याभोवतीच्या बाजाराचं नाव आहे. गाडीतून उतरलो तर थंडी चांगलीच होती. फलाटावर कानटोपी घातलेले एक गृहस्थ सरळ माझ्याकडे चालत आले.

"देवधर सर ना जी? मी टेंभरे."

"तुम्ही मला कसं ओळखलंत?" मी विचारलं. उत्तरात माझ्या सदराचा उल्लेख येईल असं मला वाटलं होतं.

"चालण्यावरून. इथं असं कोणी चालत नाही. सगळ्याइले कुठं तरी जायचं असते."

टेंभरेभाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. घरची धानाची शेती. वडील इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लँटमध्ये, लागले म्हणून इकडे आले आणि हेही तिथेच क्रेन चालवून निवृत्त झाले. त्यांनी मला स्कूटरवर बसवलं आणि आधी एका हातगाडीवर पोहे खायला नेलं. पोहे आपल्यासारखेच, पण वर शेव आणि शेजारी त्याच द्रोणात गरम जिलबी. पुण्यात पोह्यांजवळ जिलबी ठेवली तर वाढणाऱ्याला काढून टाकतील. इथे लोक एक घास याचा आणि एक तिचा घेत होते आणि कोणालाही काही वाटत नव्हतं. मी गाडीवाल्याला म्हटलं, "भैया, हमको जरा कम तिखटवाला देव." तो माझ्याकडे बघत राहिला.

"सर, मराठीत बोला," टेंभरेभाऊ म्हणाले. "तुमच्या हिंदीपेक्षा त्याले मराठी लवकर समजते."

तिथून आम्ही कॅम्प-एकच्या दाट वस्तीतून गेलो. एका फुलवाल्यापुढे स्कूटर थांबली. टेंभरेभाऊंनी उद्यासाठी हार सांगितला. "मोठा पाह्यजे. जरा रुंद अंगावर बसला पाह्यजे," असं त्यांनी हाताने दाखवलं. मी गुपचूप पोट आत घेतलं. एवढ्याशा गावात एवढं अगत्य, म्हणून मन भरून आलं.

शनिवार संध्याकाळ, तिसरा मजला

माझी सोय गजभिये काकांकडे होती. प्लँटच्या क्वार्टरांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. मी वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडून 'नमस्कार'मधला फक्त 'न' निघाला. दारात काका-काकू उभे होते. "जय भीम," काका म्हणाले. "आधी श्वास घ्या सर, मग बोलू."

गजभिये काका प्लँटमध्ये इलेक्ट्रिकलला होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशात अजूनही टेस्टर. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली टेबलावर एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. तो चालू होता. पंख्याची घरघर अख्ख्या घरात ऐकू येत होती. शेजारी घुर्र घुर्र करून कागद काढणारा जुना प्रिंटर आणि भिंतीवर खिळ्याखिळ्यांची एक लाकडी फळी. सगळे खिळे रिकामे, फक्त एकावर पत्र्याची लाल चकती. चकतीवर काही लिहिलेलं होतं, पण माझा चष्मा बॅगेत होता. खिळे रिकामे दिसले म्हणून मी माझी टोपी त्यातल्या एकावर अडकवली. काकांनी ती हळूच काढून माझ्या हातात दिली.

"इथं काही लटकवू नका सर. इथं काही लटकवलं की मग मलाच त्याले जागावं लागते."

जेवायला काकूंनी पाटवडीचा रस्सा आणि भात केला होता. रस्सा असा की पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ आली आणि तिसऱ्या घासाला मी वाटी पुढे केली. मुनग्याच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या, शेंगांची भाजीही होती. काकू उभ्यानेच वाढत होत्या, एक हात भिंतीला धरून.

"गुडघे गेले भाऊ," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून खाली नाही उतरली मी. पोरानं तिकडं कुरुदले घर बांधलं. खालीच हाय, दारातून सरळ अंगण. मी अजून पाह्यलं नाही. या महिन्यात हे क्वार्टर सोडाचं हाय, सामान बांधून झालं. मुनगा लावीन म्हणलं, त जागा पण सोडली पोरानं."

"मग जात का नाही?"

"यायले विचारा कावून," काकूंनी काकांकडे बोट दाखवलं.

काका भात कालवत राहिले. मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

गावातली पोरं शिकायला, नोकरीला बाहेर पडायला लागली, पुण्याला, बंगलोरला, काही समुद्रापार. फोन महाग. तेव्हा काकांनी हा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर 'भिलाई मराठी फलक' चालू केला. पोरं जिथे असतील तिथून त्यावर चार ओळी लिहायची, मराठीच पण रोमन अक्षरांत. काका ड्युटीवरून आले की ते निरोप कागदावर काढायचे आणि सायकलवर ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचे. आयांना ती अक्षरं वाचता यायची नाहीत, म्हणून दारात उभं राहून वाचूनही दाखवायचे.

"कॅम्पापासून सेक्टरापर्यंत," काकू म्हणाल्या. "जेवण थंड होऊन जाये."

"तुमच्याकडे कोणाचे निरोप यायचे?" मी विचारलं.

"आमाले कोण पाठवन? आमचा पोरगा इथंच लागला." एवढं बोलून काकूंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि मी पुन्हा रश्श्याकडे वळलो.

आता ती पोरं बापाला रोज व्हिडिओवर दिसतात. फलकावर कोणी येत नाही. क्वार्टर सोडायचं तर कॉम्प्युटर बंद करायला हवा, आणि तो एकदा बंद झाला की पुन्हा चालू होणार नाही, हे काकांना इलेक्ट्रिकलमधल्या जन्मभराच्या कामावरून पक्कं ठाऊक होतं. तेही चाललं असतं. अडचण वेगळीच होती.

"प्लँटमध्ये मशीनवर जो माणूस काम करते तो आपल्या नावाचा टॅग स्विचवर लावते," काका म्हणाले. "त्याचं काम संपलं की तोच काढते. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नाही त माणूस जिवानिशी जाते. सगळे टॅग उतरले की मगच स्विच. इथंही मी तसंच ठेवलं. ज्यानं म्हणलं अजून लिहायचं हाय, त्याचा टॅग या फळीवर. लोक लग्नाले आले, चौदा एप्रिलले आले, आपापला टॅग काढून गेले. जे वारले त्यायचे मी काढले, इन्चार्ज म्हणून. आता एक राह्यला."

"यायचा नियम," काकू म्हणाल्या. "मी स्विच दाबला असता कधीच. पण मग हे जन्मभर माह्याशी बोलले नसते."

मला काकूंची दया आली आणि त्या अज्ञात इसमाचा संताप आला. मी म्हटलं, "कोण हो हा माणूस? एका बाईला तिसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवतो म्हणजे काय? कळवा त्याला चांगलं खरमरीत!"

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

"कळवलं हाय," काका म्हणाले. "येऊन राहिला तो सभेले."

"येऊ दे. मी बघतो त्याच्याकडे," मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

रविवार, सभा

काकांच्याच घरात भरलेल्या सभेला दहा-बारा माणसं होती, बहुतेक निवृत्त, आणि खुर्च्या त्याहून कमी. मी इस्त्रीचा कुर्ता आणि जाकीट घालून लॅपटॉपसह सज्ज होतो. पडद्याऐवजी भिंत होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे माझं व्याख्यान फेब्रुवारीच्या पानावर पडणार होतं. पण आधी सगळे उभे राहिले आणि उजवा हात पुढे करून त्यांनी एका सुरात सुरक्षेची शपथ घेतली. प्लँटमध्ये कुठलंही काम अशी शपथ घेतल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून घरच्या सभाही होत नाहीत. मी हात पुढे केला आणि ओठ हलवत राहिलो. आमच्याकडे सभेआधी चहा कुठे ठेवलाय हे बघतात.

मी बोलायला उभा राहिलो. आरंभीच्या इंटरनेटवर माझी चौसष्ट चित्रं तयार होती. चौथ्या चित्राला मी म्हटलं, "सर्वप्रथम या फलकाची एक प्रत काढून ठेवली पाहिजे."

"थे झालं जी," टेंभरेभाऊ म्हणाले. "तीन काढल्या. एक पोराकडे, एक माह्याकडे, एक लायब्ररीत."

पुढची चाळीसएक चित्रं प्रत कशी काढावी यावरच होती. ती मी भराभर पुढे ढकलली. आता काहीतरी दणदणीत बोलायला हवं होतं. मी कॉम्प्युटरकडे हात केला आणि म्हणालो, "हा आपला वारसा आहे! काहीही झालं तरी हे यंत्र बंद पडता कामा नये!"

टाळ्या येतील म्हणून मी थांबलो. स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला.

"बरोबर हाय भाऊ. मग तुमीच राहा इथं यंत्राजवळ. भाडं प्लँटवाले सांगतीन."

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. तेवढ्यात टेंभरेभाऊ हार घेऊन उठले, आणि चला, निदान सत्कार तरी, असं म्हणून मी मान खाली घातली. हार माझ्या कानाला चाटून गेला. मान वर केली तर तो कॉम्प्युटरच्या गळ्यात होता. मागोमाग शाल आली, ती प्रिंटरवर गेली. नारळ कळफलकापुढे ठेवला. निवृत्त होणाऱ्याला प्लँटमध्ये असाच निरोप देतात. मी मान सावकाश पूर्ववत केली आणि जाकिटाची बटणं तपासत असल्यासारखं केलं.

"आता," टेंभरेभाऊ म्हणाले, "देवधर सरांनी आपला टॅग काढावा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी चष्मा लावला आणि फळीजवळ गेलो. लाल चकतीवर पांढऱ्या रंगात सुबक अक्षरं होती : देवधर, पुणे.

काकांनी कॉम्प्युटरवर एक पान उघडून दाखवलं. सदर लिहायचो त्या दिवसांत मी प्रत्येक संकेतस्थळाच्या अभिप्रायाच्या चौकटीत एकच ओळ टाकायचो. इथेही टाकली होती : 'सुंदर उपक्रम! लवकरच पुन्हा येईन आणि सविस्तर लिहीन.'

"अहो, पण ते सौजन्य होतं," मी म्हणालो. "आमच्याकडे असं म्हणतात. म्हणजे निघताना, या एकदा घरी, म्हणतात ना, तसं."

"मग घरी गेलं त?" एकाने मनापासून विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला. खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे तुमी येणारच नव्हते?" टेंभरेभाऊ म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आमी त वाट पाहून राहिलो होतो."

काल रात्रीचं माझं 'खरमरीत कळवा' मला आठवलं. दारात भिंतीला हात धरून उभ्या असलेल्या काकू दिसल्या. मला खरोखरची लाज वाटली, आणि ती लपवायला त्या खोलीत जागाही नव्हती. मी पटकन हात लांब करून चकती धरली.

"थांबा सर," काका म्हणाले. "काम बाकी हाय. सविस्तर लिहीन म्हणले होते. काम झाल्याशिवाय टॅग नाही निघत."

तर मी त्या स्टुलावर बसलो. कळफलकावरची अर्धी अक्षरं पुसली गेली होती. समोर हार घातलेला पडदा, मागे सगळी सभा उभी. आयुष्यभर मी कोणी न मागता लिहीत आलो, आणि आता एवढ्या लोकांनी मागितलं तर एक शब्द सुचेना. बोटांनी आपोआप 'सुंदर उपक्रम' टाइप केलं. मागून कोणीतरी घसा खाकरला. मी ते पुसलं.

स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येत होता. आमाले कोण पाठवन, हे भाताबरोबर वाढलेलं वाक्य मला तेव्हा कुठे ऐकू आलं. मी त्याच रोमन अक्षरांत लिहायला लागलो. 'काकू, जय भीम. तुमच्या हातची पाटवडी खाल्ली. कुरुदला अंगणात मुनगा लागला की शेंगा खायला ये...'

"सर, सर!" टेंभरेभाऊंनी माझा हातच धरला. "येईन नका लिहू! परत टॅग लावावा लागन!"

सगळे एकदम 'नाही, नाही' म्हणू लागले. मी ते वाक्य खोडलं. 'येईन', 'कळवीन', 'बघू', 'कधीतरी' हे शब्द वगळून मराठीत पत्र लिहिणं किती कठीण आहे हे मला त्या स्टुलावर कळलं. अखेर जे उरलं ते असं : 'काकू, जय भीम. तुमच्या हातची पाटवडी खाल्ली. इतकी चांगली मी पूर्वी कधी खाल्ली नव्हती. माझं काम संपलं. आता तुम्ही खाली उतरा. देवधर, पुणे.'

काकांनी ते वाचलं आणि छापायची कळ दाबली. प्रिंटर शालीखालून घुरघुरला. त्यांनी कागद फाडून घेतला, नीट घडी घातली, खिशात ठेवला. मग चपला घातल्या आणि घराबाहेर जाऊन दार लावून घेतलं. आम्ही सगळे बघत राहिलो. बेल वाजली.

काकू स्वयंपाकघरातून निघाल्या आणि भिंतीचा आधार घेत, आमच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेल्या. दार उघडलं.

"गजभिये बाईंचं घर ना जी?" काका म्हणाले. "निरोप हाय."

काकूंनी पदराला हात पुसले. "कोणाचा हाय?"

"पुण्याहून हाय."

"मले वाचता येत नाही थे. वाचून दाखवा."

काकांनी दाराबाहेर उभं राहूनच वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून, जसा कॅम्पातल्या आयांना वाचून दाखवत असतील तसा. शेवटी 'देवधर, पुणे' म्हणून थांबले.

"परत वाचा," काकू म्हणाल्या.

काकांनी परत वाचलं. या वेळी टेंभरेभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंनी कागद घेतला, कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "आत या जी, भजे थंडे होऊन राहिले."

मग मी टॅग काढला. काकांनी फळीकडे एकदा नजर टाकली, सगळे खिळे मोजल्यासारखे पाहिले, आणि स्विच बंद केला. घरघर थांबली तेव्हा खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोचा आवाज पहिल्यांदाच वर आला.

सोमवार, जिना

दुसऱ्या दिवशी मुलगा टेम्पो घेऊन आला. काकू उतरल्या. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला काका, प्रत्येक वळणावर विसावा. मी मागून नारळ आणि शाल घेऊन येत होतो, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटलं की सत्कार माझाच झाला. मी काही खुलासा केला नाही.

खाली पोचल्यावर काकू ओट्यावर बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या रस्त्याकडे, समोरच्या पानटपरीकडे, पोरांच्या सायकलींकडे पाहत होत्या. मग टेम्पोत चढताना मला म्हणाल्या, "कुरुदले येजा भाऊ, मुनगा लागला की."

'हो हो, नक्की येईन' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. टेंभरेभाऊ स्कूटरवरून माझ्याकडेच बघत होते. मी तोंड मिटलं, जाकिटाच्या खिशात हात घातला आणि काल आठवण म्हणून ठेवून घेतलेला लाल टॅग काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काकांना हाक मारली.

"ऐकलं का जी, नवीन घरी एक खिळा ठोका."